ज्येष्ठ अशिलांना सेवा देताना: सल्लागार व्यावसायिकांसाठी मार्गदर्शन

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०३० मध्ये जगातील दर सहा व्यक्तींपैकी एक व्यक्ती साठ किंवा त्याहून अधिक वयाची असेल, आणि २०५० पर्यंत ही संख्या २१० कोटींवर जाईल. वकील, लेखापाल, विमा प्रतिनिधी किंवा गुंतवणूक सल्लागार अशा कोणाच्याही कार्यालयात येणाऱ्यांचे वय यापुढे वाढतच जाणार आहे. त्यासाठी बसण्याची व्यवस्था आणि जिन्यातील कठडे सुधारावेत हे खरेच. पण माझ्या मते त्याआधी सोडवण्याचा प्रश्न वेगळा आहे. आपला अशील नेमका कोण?

प्रश्न सोपा वाटतो, पण पहिली चूक इथेच होते. भेटीची वेळ मुलगा ठरवतो, कागदपत्रे सून आणते, शुल्कही तेच भरतात, आणि ज्यांच्या घराचा किंवा ठेवीचा विषय आहे ते वडील शेजारच्या खुर्चीत गप्प बसलेले असतात. अशा वेळी बोलणे नकळत मुलाशी सुरू होते. म्हणून पहिल्याच भेटीत, सर्वांच्या देखत, आपण कोणाच्या वतीने काम करणार आहोत हे स्पष्ट सांगावे आणि नेमणूकपत्रातही तसे लिहावे. शुल्क कोणीही भरले तरी निष्ठा अशिलाशीच राहते. प्रश्न ज्येष्ठ व्यक्तीकडे पाहूनच विचारावेत, आणि उत्तर दुसऱ्याने दिले तर शांतपणे पुन्हा त्यांच्याकडे वळावे. प्रत्येक नव्या कामात काही वेळ अशिलाशी एकट्याने बोलणे हा कार्यालयाचा सर्वांसाठीचा नियम असावा; नियम सर्वांना सारखा असला की कुटुंबीयांना तो आपल्यावरचा संशय वाटत नाही. मृत्युपत्र, बक्षीसपत्र आणि मुखत्यारपत्र यांच्या बाबतीत या नियमाला अपवाद करू नये.

पुष्कळदा जे आकलन कमी झाल्यासारखे दिसते, ते प्रत्यक्षात नीट ऐकू न येणे असते. वाढत्या वयात उच्च वारंवारतेचे ध्वनी आधी हरवतात, त्यामुळे स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात आणि आवाज येत असूनही शब्द लागत नाहीत. मोठ्याने ओरडल्याने शब्द अधिकच विकृत होतात. समोर बसून, चेहऱ्यावर उजेड राहील अशा जागी, पंखा आणि दूरध्वनीचा गोंगाट टाळून, सावकाश बोलावे. डोळ्यांचेही तसेच आहे: बाहुली लहान होते, भिंग पिवळसर पडते, आणि साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. मजकूर किमान १४ पॉइंटचा, पांढऱ्या, चकाकी नसलेल्या कागदावर काळा असावा. मसुदा भेटीपूर्वी घरी पाठवावा. “समजले का?” या प्रश्नाला सौजन्यापोटी बहुतेक जण “हो” म्हणतात, त्याऐवजी “मी नीट सांगितले का ते मला कळावे म्हणून, आपण काय ठरवले ते आपल्या शब्दांत सांगाल का?” असे विचारावे.

निर्णयक्षमतेविषयी घाईने मत बनवू नये. इंग्लंड आणि वेल्सच्या २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याने घातलेली चौकट इतरत्र काम करणाऱ्यांनाही विचारासाठी उपयोगी आहे: माहिती समजणे, ती निर्णय होईपर्यंत लक्षात ठेवणे, तिचा साधकबाधक विचार करणे आणि निर्णय कोणत्याही मार्गाने व्यक्त करणे, या चार गोष्टी पाहायच्या. क्षमता त्या विशिष्ट निर्णयापुरती आणि त्या वेळेपुरती तपासली जाते. गुंतागुंतीचा गुंतवणूक करार न झेपणारी व्यक्ती आपले घर कोणाला द्यायचे हे पूर्ण जाणतेपणी ठरवू शकते. आपल्याला न पटलेला निर्णय हा क्षमता नसल्याचा पुरावा नव्हे. सकाळी ताजेतवाने असणाऱ्यांना संध्याकाळची वेळ देऊन त्यांच्या गोंधळाची नोंद करणे तर सरळ अन्यायकारक आहे. शंका राहिलीच, तर वैद्यकीय मूल्यांकन सुचवावे, आणि प्रत्येक भेटीची तारीख, उपस्थित व्यक्ती आणि अशिलाचे नेमके शब्द टिपून ठेवावेत.

अचानक मोठी रक्कम काढणे, नव्याने ओळख झालेल्या व्यक्तीचे नाव सर्व कागदांवर येणे, जुन्या सल्लागाराला एकाएकी दूर करणे, आणि “आजच झाले पाहिजे” असा आग्रह, ही दबावाची किंवा फसवणुकीची लक्षणे असू शकतात. फसवणारा घाई करतो, म्हणून आपण वेळ मागून घ्यावा. संकटात कोणाला कळवायचे त्या विश्वासू व्यक्तीचे नाव अशील स्वस्थ असतानाच लेखी संमतीने घेऊन ठेवावे, कारण ऐन वेळी गोपनीयतेचा भंग करावा की मौन पाळावे असा पेच पडतो. त्याबाबत आपल्या व्यवसायाचे नियम काय सांगतात हेही आधीच वाचून ठेवावे.

दीर्घ सहवासातून जिव्हाळा निर्माण होतो, आणि एकाकी अशील कधी मौल्यवान भेट देऊ पाहतो किंवा मृत्युपत्रात सल्लागाराचे नाव घालू इच्छितो. नम्रपणे नकार द्यावा. आग्रह कायम राहिल्यास ते काम स्वतंत्र व्यावसायिकाकडे सोपवावे. आपणही वयाने वाढत असतो, म्हणून आपल्या पश्चात काम पाहणाऱ्या सहकाऱ्याची ओळख अशिलाला वेळेवर करून द्यावी, आणि निदान दोन भेटींना त्या सहकाऱ्याला सोबत बसवावे.