भातकापणीनंतर परसबागेत रात्री येणारे वन्यप्राणी : ओळख आणि बंदोबस्त

कोकणात दसऱ्याच्या सुमारास भातकापणीला वेग येतो आणि तुळशीचे लग्न होईपर्यंत बहुतेक खाचरे मोकळी होऊन उडव्या (भाताच्या भाऱ्यांच्या गंजी) खळ्याशी आलेल्या असतात. पावसाळाभर उभ्या भातात, बांधावरच्या गवतात आणि रानातल्या कंदमुळांत वन्यप्राण्यांना जो चारा आणि आडोसा मिळत असतो, तो या चार-पाच आठवड्यांत झपाट्याने कमी होतो. नेमक्या याच काळात घरामागच्या परसात रताळी, कणगर व करांदे हे वेलांचे कंद आणि सुरण तयार होतात, केळीचे घड भरतात, आणि पाऊस गेल्याने माडपोफळींच्या आळ्यांत शिंपण सुरू होऊन तेवढीच माती ओली व मऊ राहते. त्यामुळे कार्तिकापासून शिमग्यापर्यंत परसबागेला रात्रीचा उपद्रव सर्वांत जास्त होतो. त्याची तयारी नुकसान दिसल्यावर नव्हे, तर शेवटचा भारा घरी आला की लगेच करावी.

पहिले काम म्हणजे रात्री कोण येते हे निश्चित करणे. याला महत्त्व देण्याचे कारण असे की, परसातले काहीही उकरलेले दिसले की आपण रानडुकराचे नाव घेतो आणि त्याच्यासाठीचे उपाय करून पैसे घालवतो. माझ्या स्वतःच्या आगरात, म्हणजे माडपोफळीच्या बागेत, एका हिवाळ्यात माडाची अकरा रोपे गेली. डुक्कर समजून मी गुडघ्याएवढ्या उंचीवर तार ओढली, जुन्या साड्या बांधल्या, तरी रोपे जातच राहिली. तारेखाली एका सकाळी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे पीस सापडले, तेव्हा तो साळिंदर असल्याचे कळले, आणि तो तारेखालून आरामात ये-जा करत होता.

ओळखीची साधी पद्धत अशी आहे. कुंपणातल्या ज्या भोकातून किंवा गडग्याच्या (दगडी बांधाच्या) ज्या खिंडारातून प्राणी येत असावा असे वाटते, तेथे सायंकाळी चुलीतली चाळलेली राख हातभर रुंदीच्या पट्ट्यात पसरावी आणि उजाडताच, कोंबड्या सोडण्यापूर्वी, ती पाहावी. दोन-तीन रात्रींत चित्र स्पष्ट होते. रानडुकराचा दुभंगलेला खूर आणि मऊ मातीत त्यामागे उमटलेले दोन लहान ठिपके सहज ओळखता येतात. भेकराचा खूर त्याहून लहान आणि पुढे टोकदार असतो. साळिंदराचे पाऊल तळव्यासारखे उमटते आणि त्यापुढे नखांच्या खुणा असतात. उदमांजराच्या, म्हणजे अनेक गावांत ज्याला कांडेचोर म्हणतात त्याच्या, पावलाला पाच बोटे दिसतात, तर कोल्ह्याचे पाऊल कुत्र्यासारखे पण अरुंद असते. चार बोटांचा, गोलसर, नखांची खूण नसलेला मोठा ठसा दिसल्यास तो बिबट्याचा असण्याची शक्यता धरून घरातल्या सर्वांना सावध करावे.

ठसा मिळाला नाही तरी नुकसानीची तऱ्हा पुष्कळ सांगते. रानडुक्कर नांगर फिरवल्यासारखी सलग जमीन उलटते आणि कंद नसलेल्या आळ्यातही गांडुळे व हुमणीच्या अळ्यांसाठी मुसंडी मारते. साळिंदर एकेका वेलाच्या बुंध्याशी नेमका खड्डा घेतो, माडाच्या रोपाचा कोवळा गाभा कुरतडतो आणि उरलेल्या भागावर पुढच्या दातांच्या रुंद चऱ्या सोडतो. घुशीचे बीळ आणि बिळाच्या तोंडाशी उपसलेली माती वेगळी कळते; उंदीर कोवळ्या नारळाला देठाजवळ भोक पाडून आतले खातो. उदमांजर केळी, पपई, चिकू पिकल्याशिवाय सहसा शिवत नाही आणि त्याच्या विष्ठेत अख्ख्या बिया दिसतात. झाडाखाली किंवा पडवीत चावून टाकलेले फळांचे चोथे पडले असतील, तर ते वटवाघळाचे काम समजावे. अशी अर्धवट खाल्लेली फळे धुऊनसुद्धा खाऊ नयेत व मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. वानर आणि माकडे हा दिवसाचा प्रश्न असून त्याचे उपाय निराळे आहेत, म्हणून येथे तो घेतलेला नाही.

दुसरे काम म्हणजे प्राणी ज्या वासावर येतो तो वास बंद करणे. रानडुकराची दृष्टी अधू आणि नाक तीव्र असते; साळिंदर, कोल्हा आणि उदमांजरही वासावर चालतात. किनाऱ्यालगतच्या गावांत माडाला सुक्या मासळीची कुटी खत म्हणून घालण्याची जुनी रीत आहे आणि खत म्हणून ती उत्तमच आहे, पण आळ्यात वरवर पसरलेली कुटी म्हणजे रात्रीच्या प्राण्यांना उघडे आमंत्रण ठरते. कुटी घालायचीच असल्यास ती आधी शेणखतात मुरवावी, नंतर आळ्यात चांगली खोल घालून वर माती दाबावी आणि त्यावर झावळ्यांचे आच्छादन करावे. मासळी साफ केल्याचे पाणी, खवले आणि काटे परसात फेकण्याची सवय या चार महिन्यांपुरती तरी घरातल्या सर्वांनी सोडावी. शेणखताच्या खड्ड्याकडेही लक्ष हवे, कारण माडाचा शत्रू असलेल्या गेंडा भुंग्याच्या अळ्या तेथेच वाढतात आणि त्या खाण्यासाठी डुक्कर खड्डा उपसते. खत दर पंधरा दिवसांनी दिवसा खालीवर केले की कोंबड्या त्या अळ्या टिपतात आणि दोन्ही त्रास एकदम कमी होतात. पडलेली फळे संध्याकाळी वेचावीत. घड भरला की झाडावर पिकू न देता उतरवून घरात पिकवावा. एखादा घड ठेवायचाच असेल, तर तो गोणपाटात सैल बांधावा.

कंदांच्या बाबतीत मला आपल्या एका जुन्या सवयीविषयी स्पष्टपणे लिहिले पाहिजे. लागेल तसे खणून काढायचे म्हणून रताळी, कणगर आणि करांदे जमिनीतच राखून ठेवण्याची रीत बहुतेक घरांत आहे. आजूबाजूला रान दाट आणि घरे जवळ जवळ होती, तेव्हा ती सोयीची होती. आता तयार कंद महिनाभर जमिनीत ठेवणे म्हणजे ते रानडुकरासाठी राखणे होय. रताळ्याची लागवड होऊन चार महिने झाले की वेल कापून काढणी उरकावी. कणगर व करांद्याचे वेल पिवळे पडून वाळू लागले आणि सुरणाची पाने पिवळी पडून लवंडली, की कंद तयार झाले असे समजून देवदिवाळीच्या आगेमागे ते खणून घ्यावेत. खणताना कुदळीचा घाव लागलेले कंद आधी खाण्यासाठी वेगळे काढावेत, बाकीचे दोन-तीन दिवस सावलीत सुकवून पडवीत किंवा मांगरात (बागेतल्या खोपीत) कोरड्या वाळूच्या थरांत ठेवावेत. पुढच्या लागवडीचे बेणेही असेच राखता येते. परस रिकामे दिसले की डुकरांचा कळप दोन-तीन रात्री येऊन बघतो आणि वाट बदलतो.

यानंतर कुंपण. जांभ्या दगडाचा गडगा ज्यांच्याकडे आहे, त्यांनी पावसाने ढासळलेली खिंडारे प्रथम बुजवावीत. गडगा तीन-साडेतीन फूट उंच आणि पायाशी घट्ट असला, तर डुक्कर सहसा चढत नाही, पण पायाशी एक दगड हलला तरी साळिंदर तेथून आत शिरतो. म्हणून पायाजवळ मोठे दगड आणि माती ठोकून बसवावी. झावळ्यांची व काट्यांची वई, म्हणजे कुंपण, दरवर्षी नवी करावी लागते, तरी कमी खर्चात ती चांगले काम देते. मात्र वईइतकीच बेड्याची (फाटकाची) खालची फटही बंद असली पाहिजे, कारण नेमके तेथेच दुर्लक्ष होते. कायमच्या कुंपणासाठी सागरगोटा, करवंद, घायपात किंवा शेर यांची दुहेरी ओळ पुढच्या पावसाच्या तोंडावर लावावी. सागरगोट्याचे बी टणक असल्यामुळे ते एका बाजूने घासून व रात्रभर भिजवून पेरावे. हे कुंपण दाट व्हायला दोन-तीन पावसाळे लागतात.

जुन्या साड्या, बुजगावणी, केस, साबणाच्या वड्या, मिरचीची धुरी यांचा उपयोग होत नाही असे नाही. तो थोडे दिवस होतो. वस्तू नवी असते तोवर प्राणी बिचकतो, आठ-दहा रात्री काही घडले नाही की तो निर्ढावतो. काढणी पंधरा दिवसांवर आली असेल, तर हे उपाय आलटून पालटून आणि जागा बदलत करावेत. सबंध हंगामाचा भरवसा त्यांच्यावर ठेवू नये. मच्छीमारांची टाकाऊ जाळी कुंपणाला लावण्याचा प्रकार मात्र किनाऱ्यावर वाढत आहे, आणि तो टाळावा असे मी आग्रहाने सांगेन. जमिनीलगत सैल सोडलेल्या नायलॉनच्या जाळ्यात धामण आणि घोरपड अडकून तडफडून मरतात. एक धामण वर्षभरात जेवढे उंदीर खाते, तेवढे आपण कोणत्याही सापळ्याने पकडत नाही.

सौर झटका कुंपण, ज्याला बाजारात झटका मशीन म्हणतात, ते योग्य रीतीने बसवल्यास डुकरासाठी सर्वांत खात्रीचे आहे. त्यात तारेतून साधारण दर सेकंदाला एक अत्यंत अल्पकाळाचा धक्का जातो. दाब काही हजार व्होल्टचा असला तरी वेळ इतका थोडा असतो की प्राणी दचकून मागे फिरतो, मरत नाही. डुकरासाठी पहिली तार जमिनीपासून आठ ते दहा इंचांवर आणि दुसरी दीड फुटावर असावी. साळिंदर असल्यास चार ते सहा इंचांवर आणखी एक तार हवी. कोकणात हे यंत्र अपयशी ठरते, त्याचे कारण बहुतेक वेळा अर्थिंग असते. जांभ्या जमिनीत कातळ वर असतो आणि डिसेंबरनंतर वरची माती कोरडी पडते, त्यामुळे प्राण्याच्या पायांतून विजेचे वर्तुळ पुरे होत नाही व धक्का जाणवत नाही. अर्थिंगच्या सळ्या न्हाणीचे पाणी जाते अशा किंवा विहिरीजवळच्या कायम ओल्या जागी, दोन-तीन सळ्या अंतराने ठोकून, कोळसा व मीठ घालून बसवाव्यात. कातळच असेल तेथे एक तार धक्क्याची आणि तिच्या शेजारची अर्थिंगची अशा आलटून पालटून तारा ओढाव्यात. खाऱ्या हवेत साधी तार लवकर गंजते, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली घ्यावी. तारेला टेकणारे गवत दर आठवड्याला कापावे आणि सूचनेची पाटी लावावी.

घरातल्या किंवा खांबावरच्या २३० व्होल्टच्या विजेची तार कुंपणाला जोडणे हा गुन्हा आहे आणि त्याने माणसे मरतात. पहाटे माड काढायला आलेला माणूस, सुटलेली म्हैस, शेजारचे मूल यांच्यावर हा प्रसंग येतो. त्याचप्रमाणे तारेचे फासे, विषारी आमिष आणि गावठी बॉम्ब यांचा वापर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिक्षेस पात्र आहे. डुकरासाठी लावलेल्या फाशात बिबट्या अडकला, तर तो जखमी आणि चवताळलेला प्राणी आपल्याच परसात असतो.

माडाची रोपे लावल्यापासून पहिली तीन वर्षे प्रत्येक रोपाभोवती दोन फूट उंचीची लोखंडी जाळी, अर्धा फूट जमिनीत पुरून, लावावी. जाळी परवडत नसेल, तर चिव्याच्या (बारीक बांबूच्या) चिरलेल्या कामट्या एकमेकींना खेटून ठोकल्या तरी चालतात. फळत्या माडाच्या खोडाला जमिनीपासून सुमारे सहा फुटांवर सव्वा फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळला, की उंदीर त्यावरून घसरतो. मात्र माडाच्या झावळ्या शेजारच्या झाडाला टेकलेल्या असतील, तर पत्र्याचा उपयोग होत नाही.

साळिंदर काटे फेकून मारतो असा समज सर्वत्र आहे, पण तो खरा नाही. तो पाठ करून मागे रेटतो आणि सैल काटे समोरच्याच्या अंगात रुततात. बहुतेकदा यात आपला कुत्रा जखमी होतो, म्हणून कुत्रा रात्री परसात मोकळा सोडू नये. बिबट्याच्या दृष्टीनेही हेच योग्य, कारण तो भाजीसाठी नव्हे तर कुत्र्यासाठी, शेळीसाठी आणि उघड्या खुराड्यासाठी घराजवळ येतो. खुराड्याला आणि गोठ्याला मजबूत दार असावे व दाराशी दिवा असावा. परसातल्या विहिरीला कठडा नसेल, तर तो या हंगामात बांधून घ्यावा. अंधारात बिबटे अशा विहिरींत पडतात. खवले मांजर आल्याचे आढळल्यास त्याला अजिबात हटकू नये. ते केवळ मुंग्या आणि वाळवी खाते, पिकाला हात लावत नाही आणि कोकणातून झपाट्याने कमी होत आहे.

चाहूल लागली म्हणून अंधारात एकट्याने परसात धावत जाऊ नये. कोकणात फुरसे सर्वत्र आहे आणि ते पालापाचोळ्यात दिसत नाही; विजेरी, गुडघ्यापर्यंतचे बूट आणि हातात काठी असल्याशिवाय पाऊल टाकू नये. पडवीतून दिवा लावून आवाज करावा, प्राण्याला परतीची वाट मोकळी ठेवावी. पिल्ले असलेली डुकरीण कोंडली गेली, तर ती अंगावर येते. बिबट्या घराभोवती घुटमळत असल्यास, तो विहिरीत पडल्यास किंवा सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात गवा अथवा हत्ती वस्तीजवळ आल्यास स्वतः हाकण्याचा प्रयत्न न करता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि त्यांची माणसे येईपर्यंत गर्दी जमू देऊ नये.

नुकसान झाले असल्यास सकाळी सर्वप्रथम उकरलेली जागा, मोडलेली झाडे आणि पावलांचे ठसे यांची छायाचित्रे घ्यावीत. ठशाशेजारी काडेपेटी ठेवली म्हणजे आकार कळतो. त्याच दिवशी वनरक्षकाकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी आणि सातबारा व बँक पासबुकाच्या प्रती तयार ठेवाव्यात. पंचनामा होईपर्यंत जागा साफ करू नये. उपटलेली रोपे तेथेच ठेवावीत, फक्त ज्यांची मुळे शाबूत असतील त्यांच्यावर ओले गोणपाट टाकावे, म्हणजे पंचनामा उरकल्यावर ती पुन्हा लावता येतील.