सत्ताविभाजनाचा अभ्यास: एका कायद्याचा माग काढत

स्पर्धा परीक्षेसाठी राज्यव्यवस्था हा विषय नव्याने हाती घेणारे बहुतेक विद्यार्थी संसद, कार्यपालिका आणि न्यायपालिका असे तीन रकाने आखून प्रत्येकाखाली कलमे पाठ करू लागतात. वस्तुनिष्ठ प्रश्नांपुरते ते भागते. मात्र भारतात मंत्री संसदेतूनच येतात, राष्ट्रपती कलम १२३ नुसार अध्यादेश काढतात, आणि न्यायपालिका कार्यपालिकेपासून वेगळी ठेवण्यास सांगणारे कलम ५० हे केवळ मार्गदर्शक तत्त्व (न्यायालयामार्फत सक्तीने लागू न करता येणारी सूचना) आहे, त्यामुळे मुख्य परीक्षेच्या उत्तरात हे रकाने टिकत नाहीत. मला हा विषय खऱ्या अर्थाने उमगला तो माहितीच्या अधिकाराचा माग काढल्यावर.

या अधिकाराचे मूळ आधी न्यायालयात सापडते. उत्तर प्रदेश विरुद्ध राजनारायण या १९७५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक कारभार जाणून घेण्याचा जनतेचा हक्क मान्य केला. निकालाने हक्क मिळाला, तरी अर्ज कोणाकडे करायचा आणि उत्तर न मिळाल्यास दंड कोणाला, हे ठरवणारी यंत्रणा त्यातून उभी राहिली नाही. ती मागणी पुढे रेटली राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने. मजुरी बुडालेल्या गावकऱ्यांनी हजेरीपट आणि खर्चाची बिले मागितली, जनसुनवाया घेतल्या आणि १९९६ मध्ये ब्यावरला धरणे धरले. महाराष्ट्रात २००० चा कायदा तोकडा पडला आणि अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्यामुळे २००२ मध्ये अधिक भक्कम तरतुदी आल्या. संसदेचा कायदा झाला तो २००५ मध्ये. मतदानाव्यतिरिक्त नागरिक कायद्यावर प्रभाव कसा टाकतात, या प्रश्नाला यापेक्षा चांगले उदाहरण माझ्या वाचनात आलेले नाही.

कायदा झाल्यावरही ओढाताण थांबली नाही, आणि अभ्यासकाने सर्वाधिक वेळ द्यावा तो येथेच. २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला. म्हणजे ज्यांनी सरकारकडून माहिती मिळवून द्यायची, त्यांच्या सेवाशर्ती सरकारच ठरवू लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरन्यायाधीशांचे कार्यालयही या कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दिला. न्यायपालिकेने स्वतःविषयी दिलेला हा निकाल आवर्जून वाचावा.

वाचनाबरोबर एक अर्जही करून पाहावा. केंद्र सरकारच्या कार्यालयासाठी शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची. उत्तर न आल्यास प्रथम अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, म्हणजे अजून कार्यपालिकेच्याच आत होते. दुसरे अपील माहिती आयुक्तांच्या आयोगाकडे जाते, आणि आयोगाचा निर्णय मान्य नसेल, तर कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करता येते.