फोंतेन्यासमध्ये खोली घेताना ७,५०० चा आकडा बघा

पणजीच्या फोंतेन्यास या जुन्या भागातल्या पोर्तुगीज वळणाच्या घरातलं हॉटेल मनात भरतं, पण बुकिंगच्या शेवटच्या पानावर कर पाहून पोटात गोळा येतो. सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचा दर ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर एक रुपया गेला तरी पूर्ण दरावर १८ टक्के.

१. नाश्त्यासह दर दिसला की हॉटेलला थेट फोन करा आणि ‘नुसत्या खोलीचा, कर सोडून दर किती?’ असं विचारा.

२. आकडा मेसेजवर लिहून घ्या.

पुण्याहून ताई येणार होती तेव्हा मी हेच केलं. नाश्त्यासह ७,८०० ची खोली करासकट ९,२०४ ला पडत होती. नुसती खोली ७,३०० ला मिळाली, कर धरून ७,६६५. सकाळी बाहेर पडून गरम पोय (गोव्याचा पाव) आणि पातळभाजी खाल्ली. मला तर हॉटेलातल्या टोस्टपेक्षा ती कधीही प्यारी.

एक्स्ट्रा बेड घेणार असाल तर आधीच सांगा. ते पैसे खोलीच्या दरात धरले गेले तर रक्कम पुन्हा ७,५०० ओलांडू शकते.