भेंडीचे शेंडे माना टाकत होते, कारण निघाली बोंडअळी

ऐरोलीत आमच्या गच्चीवर भेंडीच्या कुंड्या आहेत. यंदा पावसाळ्यात खतपाणी सगळं नीट असूनही कोवळे शेंडे एकाएकी माना टाकू लागले. मुळं तपासली, ठणठणीत. मग एक शेंडा नखाने चिरला. आत तपकिरी अळी, अंगावर पांढरट ठिपके आणि बारीक काटेरी उंचवटे, मागे विष्ठेचा ओला भुसा.

ही ठिपक्यांची बोंडअळी. कापसावरची जुनी कीड, पण भेंडी कापसाच्याच कुळातली, त्यामुळे शहरातही तिचं भागतं. पतंग एवढासा, फिकट पंखांवर हिरवा पट्टा. मादी शेंड्यांवर, कळ्यांवर एकेक अंडं घालते. अळी आधी शेंडा पोखरते, मग कळ्या आणि भेंड्या. एकदा ती आत शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून माझ्या मते खरा उपाय कात्रीच.

सुकलेला शेंडा दोन बोटं खालून कापला, छिद्राच्या वाकड्या भेंड्या तोडल्या, सगळं साबणाच्या पाण्यात बुडवलं. मग निंबोळी अर्क: 50 ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळली, थोडा साबण घातला, संध्याकाळी फवारला. दर आठवड्याला हेच. शेजारची जास्वंदही सोडली नाही, ही अळी तिच्यावरही जगते.

आता नवे फुटवे ताठ आहेत, भेंड्याही सरळ लागतायत. झाडावर किंवा खाली पाचोळ्यात होडीसारखा मळकट कोष दिसला, तर तोही काढून टाका, त्यातूनच पुढचा पतंग निघतो.