गरोदरपणात युरिन कल्चर पॉझिटिव्ह आलंय? या चुका टाळा

"त्रास काहीच नाही, मग गोळ्या कशाला?" युरिन कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडला की हा प्रश्न येतोच. बरोबर आलेल्या सासूबाई तो आधी विचारतात, गरोदर बाई नंतर. जळजळ नाही, ताप नाही, आणि कागदावर मात्र 'ई. कोलाय, एक लाखाहून जास्त कॉलनी', म्हणजे ई. कोलाय नावाचे जंतू भरपूर.

प्रश्न अगदीच चुकीचा नाही. बाई गरोदर नसती तर अशा बिनत्रासाच्या जंतूंना डॉक्टर बहुतेक वेळा हात लावत नाहीत. पण दिवस गेल्यावर हिशेब बदलतो. प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे मूत्रपिंडाकडून खाली येणाऱ्या नळ्या सैलावतात, वाढणारं गर्भाशय त्यांच्यावर दाब देतं, लघवी रेंगाळते आणि जंतूंना वर चढायला आयती वाट मिळते. उपचार न झालेल्या बायकांमध्ये मूत्रपिंडाच्या संसर्गाचं प्रमाण जुन्या अभ्यासांत 30 टक्क्यांपर्यंत आढळलं आहे. तो झाला की गोळ्यांवर भागत नाही, ॲडमिट होऊन सलाइनमधून औषध घ्यावं लागतं आणि दिवस भरण्याआधीच कळा सुरू होण्याची भीती असते. म्हणून 'त्रास होईल तेव्हा बघू' ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक.

नमुना कसाही देणं

गरोदरपणात पांढरं पाणी जास्त जातं. ते डबीत उतरलं की रिपोर्टमध्ये एपिथेलियल (बाहेरच्या त्वचेच्या) पेशी भरपूर दिसतात, दोन-तीन प्रकारचे जंतू एकत्र वाढतात आणि खरं-खोटं कळत नाही. आधी जागा साध्या पाण्याने धुवा, पुढून मागे. पहिली धार सोडून द्या, मधली डबीत घ्या. डबी लॅबमधूनच आणायची. घरातली औषधाची बाटली उकळून घेतली तरी चालत नाही. झाकणाच्या आत बोट लावू नका. नमुना दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी घेतलेली डबी नवऱ्याच्या बॅगेतून दुपारी लॅबला पोचली, तर तेवढ्या वेळात जंतू डबीतच वाढलेले असतात. आणि अँटिबायोटिक सुरू करायचं ते नमुना दिल्यावर, आधी नाही. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात. जळजळ किंवा ताप असेल तर तोवर डॉक्टर अंदाजाने गोळी देतात, रिपोर्ट आल्यावर गरज पडल्यास बदलतात. यात डॉक्टरांचा घोळ नाही, पद्धतच तशी आहे.

मेडिकलवाल्याला विचारून गोळी घेणं

मागच्या वेळी नॉरफ्लॉक्सासिनने बरं वाटलं होतं, घरात चार गोळ्या उरल्यात, हा मोह सोडा. नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सीसायक्लिन ही औषधं गरोदरपणात टाळतात. ट्रायमेथोप्रिम फोलिक ॲसिडच्या कामात अडथळा आणतं, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत नको. नायट्रोफ्युरँटोइन मधल्या काळात सर्रास दिलं जातं, पण दिवस भरत आले की नाही. सेफॅलेक्सिन किंवा फॉस्फोमायसिनची एक पुडी हेही पर्याय आहेत. यातलं कुठलं, हे सेन्सिटिव्हिटीचा तक्ता (कुठल्या औषधाने हे जंतू मरतात ते सांगणारा, रिपोर्टमधला) आणि तुमचे आठवडे बघून डॉक्टर ठरवतील. कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर आठवणीने सांगा. नायट्रोफ्युरँटोइनने लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, ते पाहून घाबरून गोळी बंद करू नका.

धन्याचं पाणी, जवाचं पाणी, नारळपाणी खुशाल प्या. पाणी पोटात जातं हे चांगलंच. लघवीची आग शमवणारं सिरपही आग शमवतं, जंतू मारत नाही. शिवाय नायट्रोफ्युरँटोइनला आम्ल लघवी मानवते आणि हे सिरप ती अल्कधर्मी करतं, म्हणून दोन्ही बरोबर घ्यायची की नाही हे विचारूनच घ्या.

कोर्स संपला म्हणजे संपलं, असं समजणं

त्रास आधीच नव्हता, तर 'बरं वाटतंय' यावरून काय कळणार? कोर्स पूर्ण करायचा आणि संपल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी कल्चर पुन्हा करायचं. नेमकी हीच तपासणी राहून जाते. पाचशे-हजार रुपये पुन्हा कशाला, असं वाटत असेल तर सरकारी दवाखान्यात विचारा. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते.

लाजेचं म्हणाल तर हे जंतू आपल्याच आतड्यातले. यात नवऱ्याचा दोष नाही, तुमच्या स्वच्छतेचाही नाही. पण थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला ठणका, उलट्या, पोट घट्ट होणं किंवा बाळाची हालचाल कमी वाटणं यातलं काही झालं तर रात्रीची सकाळ करू नका.

फाइल सासरीच राहणं

सातव्या महिन्यात ओटीभरण होतं, बाई माहेरी जाते, साड्या-बाळंतविडा सगळं जातं आणि कल्चरचा रिपोर्ट पुण्याच्या कपाटात राहतो. तिकडच्या डॉक्टरांना काही पत्ताच नसतो. लघवीत 'ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस' हा जंतू निघाला असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण तेव्हा गोळ्यांनी लघवी स्वच्छ झाली तरी बाळंतपणात शिरेतून पेनिसिलिन द्यावं लागतं, शक्यतो बाळ बाहेर येण्याच्या निदान चार तास आधी. रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आईच्याही मोबाइलवर पाठवा आणि कळा सुरू होऊन दवाखान्यात गेलात की नाव लिहून घेणाऱ्या सिस्टरना तिथेच सांगा.