मस्टँगची मागची बाजू जुळवताना

मिशिगनमध्ये बर्फ वितळला की माझी १९९० ची फोर्ड मस्टँग गराजबाहेर येते. घरात तिचं नाव 'म्हातारी'. तिला घेऊन मी मायलन ड्रॅगवेला जातो, म्हणजे उभ्या गाडीने सुटून सरळ रेषेत शर्यत लावायच्या पट्टीवर. (स्पेलिंग इटलीतल्या मिलानचंच, पण इथे मिलान म्हटलंत की लोक हसतात.)

पहिल्या वर्षी मागच्या अ‍ॅक्सलला बॉडीशी जोडणारे खालचे दांडे (आर्म), ते जिथे बसतात ते भोकांचे ब्रॅकेट, शॉक अ‍ॅब्सॉर्बर सगळं एकाच शनिवारी बदललं. दिवा हिरवा झाला, मागून जोरदार हिसका बसला, टायर क्षणभर चिकटले आणि मग नुसते फिरत राहिले. पहिल्या ६० फुटांना १.८९ सेकंद. जुन्या सामानावर १.८२ होते! पैसे गेले ते गेलेच, वर नेमकं काय बिघडलं तेही कळेना.

म्हणून पाना हातात घेण्याआधी मोबाइल घ्या. चाक किती फिरतं ते दिसावं म्हणून मागच्या टायरवर खडूची एक रेघ ओढा आणि कठड्यापलीकडून कुणाला तरी स्लो मोशनमध्ये फक्त मागचं चाक टिपायला सांगा. आमच्याकडे हे काम लेकीचं. बघायचं ते टायर आणि फेंडर (चाकावरचा बॉडीचा पत्रा) यांमधलं अंतर. गाडी सुटताना फेंडर टायरवर बसतो, की वर उचलला जातो? किती, आणि किती वेगाने?

या मस्टँगला मागे चार आर्म असतात, दोन वर, दोन खाली. बाजूने पाहिलं तर वरच्या आणि खालच्या आर्मच्या रेषा पुढे वाढवल्यावर एका बिंदूत मिळतात. खालच्या आर्मचं मागचं टोक ब्रॅकेटच्या खालच्या भोकात घेतलं की तो बिंदू मागे आणि वर सरकतो. मग सुटताना बॉडी वर उचलली जाते आणि त्याच जोराने टायर जमिनीत दाबला जातो. मी लोभाने सर्वांत खालचं भोक घेतलं होतं. बॉडी ताडकन वर गेली, शॉक पूर्ण ताणला गेला आणि टायरवरचा दाब निघून गेला. एक भोक वर आलो, शॉकचं रिबाउंड (ताणलं जाण्याला होणारा विरोध) त्याच्या नॉबने दोन क्लिक कडक केलं, तेव्हा फेंडर सावकाश उचलला जाऊ लागला.

वरचे आर्म तिरके बसतात, कारण अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये हे कामही त्यांचंच. त्यांच्या दोन्ही टोकांना पॉलियुरेथेनचे कडक बुश (सांध्यातल्या लवचीक चकत्या) घातले तर हालचाल अडकते. एका टोकाला तरी रबर राहू द्या.

पिनियनचा, म्हणजे इंजिनाकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट अ‍ॅक्सलमध्ये जिथे जोडला जातो त्या गिअरचा कोन गाडी चाकांवर उभी असतानाच मोजा. अ‍ॅक्सल लोंबकळत असताना मोजलेला उपयोगाचा नाही. जोर पडला की पिनियनचं नाक वर उचलतं, म्हणून आधीच ते प्रोपेलर शाफ्टच्या मानाने थोडं खाली ठेवायचं. रबर बुशवर मी ३ अंशांपासून सुरुवात करतो, कडक बुशवर २.

आता उजवं चाक. शाफ्टच्या पिळामुळे सुटताना अ‍ॅक्सलची डावी बाजू दाबली जाते आणि उजवी हलकी होते. म्हणून उजव्या स्प्रिंगच्या आत हवा भरायची एक रबरी पिशवी, एअर बॅग. मी १० पीएसआयने सुरू केलं, ८ वर थांबलो. ठरवायचं कसं, तर बर्नआउटच्या (टायर तापवायला चाकं जागीच फिरवतात त्याच्या) नव्हे, सुटतानाच्या काळ्या पट्ट्या पाहायच्या. उजवी फिकट असेल तर थोडी हवा वाढवा.

एका फेरीला एकच बदल. टायरमधली हवासुद्धा बदलच धरा. माझ्या ड्रॅग रेडियलना (शर्यतीच्या मऊ, चिकट टायरना) १७ पीएसआय मानवते. क्लिक, भोक, हवा, तापमान सगळं वहीत लिहा. लक्षात राहील म्हणता, राहत नाही.

गेल्या सप्टेंबरात ६० फुटांना १.६३ आलं. लेकीने व्हिडिओ दोनदा पाहिला आणि म्हणाली, "बाबा, यात काही झालंच नाही." खरंच, चाक फिरलं आणि गाडी चौकटीतून गेली, एवढंच.

घरी निघताना बॅगेतली हवा उतरवा आणि टायरमध्ये भरा. मी एकदा विसरलो होतो. हायवेवर म्हातारी डावीकडे कलून, मागचा भाग डोलवत चालली होती.