एक्सेलच्या निवडक शीट्सची एकच पीडीएफ: माझा अनुभव

आमच्या सोसायटीच्या हिशोबाच्या फाइलमध्ये १४ शीट्स आहेत. सभासदांना पाठवायच्या फक्त तीन: जमाखर्च, थकबाकी, पाणीबिल. मॅक्रो (एक्सेलमधल्या आज्ञांचा छोटा प्रोग्राम) चालवला की चौदाच्या चौदा शीट्स पीडीएफमध्ये यायच्या. वर्कबुकवरच, म्हणजे अख्ख्या फाइलवर, एक्सपोर्टअ‍ॅजफिक्स्डफॉरमॅट ही पीडीएफ बनवणारी आज्ञा लावली होती, ती सगळंच छापते. मग लूप लावला, म्हणजे एकेका शीटवर तीच आज्ञा फिरवली, तर तीन सुट्या फाइल्स झाल्या. दोन रविवार यात गेले, अक्षरशः रडकुंडीला आलो.

शेवटी जमलं ते या क्रमाने. आधी धिसवर्कबुक.अ‍ॅक्टिव्हेट (मॅक्रो असलेली फाइल समोर आणणं), कारण दुसरी फाइल समोर असेल तर शीट निवडणाऱ्या सिलेक्टवर १००४ ची एरर येते. शीट लपवलेली असली तरी तीच एरर, म्हणून शीट दिसते आहे की लपलेली हे सांगणारं व्हिजिबल आधी तपासा. मग प्रत्येक शीटला पेजसेटअप (पानाची मांडणी) स्वतंत्रपणे लावायचा: झूम फॉल्स (बंद), फिटटुपेजेसवाइड १ (रुंदी एका पानात), फिटटुपेजेसटॉल फॉल्स (उंचीला पानांची मर्यादा नाही). झूम फॉल्स केलं नाही तर पुढच्या दोन ओळी लागूच होत नाहीत. माझा थकबाकीचा शेवटचा रकाना याच कारणाने दुसऱ्या पानावर जायचा. त्यानंतर शीट्सच्या कंसात अ‍ॅरे, म्हणजे यादी, त्यात तिन्ही नावं, आणि सिलेक्ट. आता एक्सपोर्ट वर्कबुकवर नाही, अ‍ॅक्टिव्हशीटवर, म्हणजे समोरच्या शीटवर लावायचं, टाइप एक्सएलटाइपपीडीएफ. निवडलेल्या तिन्ही शीट्स एकाच फाइलमध्ये येतात.

पानं मात्र टॅबच्या क्रमाने लागतात, अ‍ॅरेतल्या नाही.

शेवटची ओळ विसरू नका: कुठलीही एकच शीट सिलेक्ट करा. नाहीतर तिन्ही गटातच राहतात आणि एका शीटमध्ये टाइप केलेला आकडा बाकी दोन्हींतही त्याच जागी जाऊन बसतो.